पांढरा गणवेश, पेजेची टोपी आणि खिसे : नर्सिंग शिकताना काय घातले, याचे अनुभव

माझी भाची यंदा पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आली आणि प्रवेशाच्या कागदांबरोबर गणवेशाच्या नियमांचे एक पान तिच्या हाती पडले. वर्गाला एक पोशाख, प्रात्यक्षिकाला दुसरा, वस्तीतल्या फेरीला तिसरा, शिवाय बूट, अंबाडा, जाळी आणि नखे यांबद्दलच्या सूचना त्यात होत्या. कारण मात्र एकाही सूचनेपुढे लिहिलेले नव्हते. मी तीस वर्षे नर्सिंगच शिकवले असल्यामुळे बरीच कारणे तिला सांगू शकले, परंतु दोन-तीन सूचना निव्वळ सवयीने चालत आल्या असाव्यात, असे वाटून गप्प बसले. म्हणून पुण्यात एएनएम, जीएनएम (हे दोन्ही नर्सिंगचे पदविकास्तरीय अभ्यासक्रम) किंवा बी.एस्सी. केलेल्या वा करत असलेल्या सर्वांना विनंती आहे, की वर्गात आणि लॅबमध्ये आपण काय घालत होता आणि त्याची सोय किंवा अडचण काय झाली, ते सविस्तर लिहावे. संस्थांची नावे घालू नयेत.

सुरुवात मीच करते. मनगटी घड्याळ आणि बांगड्या काढा म्हटले, की दरवर्षी एखादी तरी मुलगी हिरमुसायची. मग मी हातमोजे चढवायला सांगून त्यांवर पोस्टर रंग ओतत असे आणि डोळे मिटून हात धुतल्यासारखे चोळायला लावत असे. डोळे उघडल्यावर अंगठ्याचे मूळ, बोटांची टोके आणि मनगट कोरडे राहिलेले दिसायचे, आणि जिने मोज्यावरून बांगडी तशीच ठेवली असेल तिच्या बांगडीखाली तर रंगाचा ठिपकाही नसायचा. त्यानंतर पुन्हा सांगावे लागत नसे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने २००७ मध्ये रुग्णाजवळ काम करताना कोपराखालचा हात मोकळा ठेवण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा मला आमचे हेच रंगलेले मोजे आठवले. नाडी पूर्ण साठ सेकंद मोजायची तर घड्याळ हवेच. ते छातीवर उलटे टाचावे, म्हणजे मान खाली घातली की आपल्याला सुलटे दिसते.

*बी.एस्सी., तिसरे सत्र, कात्रज*

आमच्याकडे थिअरीच्या तासांना निळा सलवार-कमीज व ओढणी आणि लॅबमध्ये त्यावर पांढरा एप्रन, अशी पद्धत आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकात जंतूंचा नमुना उचलायचा तारेचा लूप स्पिरिटच्या दिव्यावर लाल होईपर्यंत तापवत असताना माझ्या जॉर्जेटच्या ओढणीचे टोक ज्योतीवरून गेले. भडका उडाला नाही, म्हणूनच मला काही कळले नाही. शेजारणीने ओरडून सांगितले तेव्हा ते टोक आक्रसून त्याचा काळा, टणक मणी झाला होता. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कात्रीने तो मणी कापला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा जर्नलमध्ये चिकटव. सुती कापड जळतं, हे वितळून कातडीला चिकटतं." त्या दिवसापासून आमची अख्खी बॅच ओढणी बाहेर खुंटीला लावून लॅबमध्ये शिरते. नियमांच्या पानावर मात्र "ओढणी अनिवार्य" हे शब्द अजून तसेच आहेत.

*जीएनएम, १९८४ ची बॅच, सध्या निवृत्त*

आम्ही पांढरी साडी नेसत असू आणि डोक्यावर टोपी असे. प्रवेश मिळाला तेव्हा माझी आजी दोन दिवस जेवली नाही. लग्नाच्या मुलीने पांढरे नेसून घराबाहेर पडायचे, हे तिला अशुभ वाटत होते. वडिलांनी तिला रमाबाई रानड्यांचा दाखला दिला. पुण्यात १९०९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सेवासदन ही स्त्रियांच्या शिक्षणाची संस्था निघाली आणि तिच्यातून चांगल्या घरच्या मुली व तरुण विधवा परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, हे त्या काळच्या किती घरांना पटले असेल, असे वडिलांनी विचारले. आजी जेवली, पण साडीकडे शेवटपर्यंत सरळ पाहिले नाही.

टोपीची हकिकत निराळीच होती. रविवारी मेसच्या मावशी भाताची पेज काढून ठेवत. ती पंचातून गाळायची, टोपीचे कापड तिच्यात बुचकळायचे आणि न पिळता खोलीतल्या आरशावर चिकटवून बोटांनी सगळे बुडबुडे काढायचे. सकाळी एका कोपऱ्याला नख लावले, की ते कापड करकर आवाज करत पापडासारखे सुटून येई. मग घडी घालायची आणि तुळशीबागेतून आणलेल्या पांढऱ्या पिनांनी ती केसांत बसवायची. पावसाळ्यात पेज नीट वाळत नसे आणि पहाटे आरशावर मुंग्यांची रांग लागलेली असे. ड्रेसिंगच्या पहिल्या परीक्षेत मी रुग्णाच्या जागी ठेवलेल्या सरावाच्या पुतळ्यावर वाकले आणि टोपी निर्जंतुक ट्रेमध्ये पडली. सगळा ट्रे पुन्हा मांडावा लागला आणि वेळ संपली. मला त्या टोपीचा अभिमान होता आणि आजही फोटो पाहताना डोळे भरून येतात, परंतु पुढे ती हळूहळू बंद झाली तेव्हा मी एका शब्दानेही विरोध केला नाही.

*बी.एस्सी., चौथे वर्ष, हडपसर*

वर्गात आम्ही फक्त सहा मुलगे होतो. लक्ष्मी रस्त्यावर कापड घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने "हॉटेलसाठी का?" असे विचारले होते. आमचा गणवेश म्हणजे पांढरा अंगरखा आणि पँट. त्यात अंबाडा, जाळी, ओढणी यांची कटकट नाही, हे मान्य करतो. वॉर्डमध्ये मात्र माझ्यासारख्याच पांढऱ्या कपड्यांत शेजारी उभ्या असलेल्या वर्गमैत्रिणीला नातेवाईक "सिस्टर" म्हणत आणि मला "डॉक्टरसाहेब". पहिल्या आठवड्यात मला ते आवडले, हे लपवत नाही. एकदा एका आजोबांनी औषध बंद करू का, असे मलाच विचारले तेव्हा घाम फुटला. तेव्हापासून नावाची पट्टी मी खिशावर न लावता कॉलरजवळ लावतो, आणि त्यावर "नर्सिंग विद्यार्थी" ही अक्षरे नावापेक्षा मोठी करून घेतली आहेत.

*जीएनएम, तिसरे वर्ष, हॉस्टेलवासी*

डागांवर कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. रक्ताचा डाग थंड पाण्यातच धुवावा, कारण गरम पाण्याने त्यातले प्रथिन गोठून धाग्यात पक्के बसते. पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशक औषधाच्या तपकिरी डागावर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून ते पाणी टाकावे. आयोडीनचे आयोडाइड होते आणि रंग डोळ्यांसमोर नाहीसा होतो. चघळायची नारंगी गोळी मात्र घेऊ नये. मी ती घेतली होती आणि तपकिरी बाही केशरी झाली. ग्रॅम स्टेनिंगच्या (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या पद्धतीतल्या) जांभळ्या रंगाला माझ्याकडे उत्तर नाही. तो एप्रन मी आता लॅबपुरताच ठेवला आहे.

शपथविधीच्या दिवशी हातातल्या मेणबत्तीचे मेण पदरासारखे गणवेशभर ओघळले. ते थंड झाल्यावर खरवडावे आणि वर-खाली कागद ठेवून इस्त्री फिरवावी, म्हणजे उरलेले मेण कागदात शोषले जाते. कागद कोरा असावा. मी वर्तमानपत्र वापरले आणि मथळ्यातली चार अक्षरे छातीवर उलटी उमटली. जुलै-ऑगस्टमध्ये दोन जोड पुरत नाहीत, तीन हवेत. स्वारगेटला बसमधून उतरून खड्डे चुकवत आलेल्या पांढऱ्या पँटची दशा पुणेकरांना सांगायला नको. शक्य असेल तर घरच्या कपड्यांत यावे आणि कॉलेजमध्ये बदलावे. वॉर्डमधले जंतू बसमध्ये आणि बसमधली धूळ वॉर्डमध्ये, ही ने-आण तरी थांबते. आमच्याकडे चाळीस मुलींना कपडे बदलायला एकच खोली आहे, हा भाग वेगळा.

*पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बी.एस्सी.), विवाहित*

मंगळसूत्र काढा, असे मला कोणी म्हटले नाही. लांब असेल तर आत टाचा, एवढेच सांगितले. मी छोटे, गळ्यालगतचे करून घेतले. अंगठी मात्र मी स्वतःहून काढली, कारण तिच्या खड्याने हातमोजा दोनदा फाटला होता.

*जीएनएम झालेली, सध्या कोथरूडला नोकरी*

गणवेश शिवताना आरशासमोर सरळ उभे राहून माप देऊ नये, एवढेच मला सांगायचे आहे. माझा पहिला जोड अंगासरशी, फार छान बसला होता. पुतळ्यावर हृदय-पुनरुज्जीवनाचा (सीपीआर) सराव सुरू झाला. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान पाच सेंटिमीटर खोल आणि कोपर ताठ. तिसऱ्या फेरीत दोन्ही काखा एकदम उसवल्या. गादीची चादर ४५ अंशांच्या कोपऱ्यात खोचायला वाकले, की वरच्या खिशातली पेने, कात्री आणि टॉर्च रांगेने पुतळ्याच्या तोंडावर पडत. शिंप्यासमोर दोन्ही हात पुढे ताणून, मग पायाची बोटे धरून माप द्यावे आणि खिसे कमरेला, खोल घ्यावेत. शिंपी हसतो, हसू द्यावे.

*ही चर्चा सुरू करणारी*

वरचा मजकूर भाचीला वाचून दाखवला. ती काल शिंप्याकडे गेली होती. कमरेला खिसे म्हटल्यावर त्याने कॉलेजचा नमुना पुढे केला आणि "यात नाहीत" म्हणून हात झटकले. आज तिने तेच नियमांचे पान नेऊन दाखवले. खिसे असावेत असे त्यात लिहिलेले नाही, पण नसावेत असेही नाही. दोन खिशांचे जास्तीचे ऐंशी रुपये ठरले असून गणवेश शनिवारी मिळणार आहे.