मदत हवी आहे: केस रंगवणं थांबवू की चालू ठेवू?

गंगापूररोडकर
वय ५२. दर पंधरा दिवसांनी भांगात पांढरी रेघ, वैतागलेय. महिन्याभरात भाचीचं लग्न आहे. रंगवणं सोडलं तर किती दिवस विचित्र दिसेल? पटकन सांगा.

मास्तर_नाशिकरोड
केस कुठवर आहेत? सध्या काय लावता, मेंदी की क्रीम? हे कळल्याशिवाय काय सांगणार? केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. खांद्यापर्यंत ३० सेंटिमीटर धरले तर दोन वर्षं दुरंगी. बॉयकट केला तर पाच-सहा महिने.

पंचवटीची_माई
मेंदीच लावा हो! १०० ग्रॅम मेंदी चहाच्या कोऱ्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर. आपल्या थंडीत रंग उशिरा सुटतो, कढई गॅसजवळ ठेवा. तीन तास लावून धुवा. मग इंडिगो पावडर (निळीच्या पानांची) कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ, १५ मिनिटांनी लगेच लावायची, दीड तास. ती भिजवून ठेवली की वाया. आधी हिरवट दिसेल, घाबरू नका, दोन दिवस शाम्पू नको.

गंगापूररोडकर
अहो, मेंदीच लावते की! काळ्या मेंदीची पुडी, अर्ध्या तासात काम. कानामागे थोडी खाज येते, तेवढं चालतं. केस खांद्यापर्यंत.

मास्तर_नाशिकरोड
खाज येतेय हे आत्ता सांगताय? ताई, नुसती मेंदी काळा रंग देतच नाही, तांबूस-केशरी देते. पुडीच्या मागे बारीक अक्षरांत पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे काळा रंग देणारं रसायन, आहे का बघा. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची, पुढच्या वेळी डोळेही सुजू शकतात. पुडी आजच बंद. त्वचेच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडंसं लावून ॲलर्जीची तपासणी, करून घ्या.

सिडको_भाऊ
लासलगावचा लाल कांदा किसून रस लावा. केस गळायचे थांबतात असं म्हणतात.

मास्तर_नाशिकरोड
गळतीबद्दल कुणी विचारलंय, भाऊ?

कात्री_कंगवा
पार्लरमध्ये बारीक बटा हायलाइट करून घ्या, रेघ मिसळून जाते. अमोनिया फ्री रंगही चालेल.

मास्तर_नाशिकरोड
नाही चालणार. अमोनिया केसाचं आवरण उघडायला असतो. खाज आणणारा पदार्थ अमोनिया फ्री रंगातही असू शकतो, हायलाइटवर लावतात त्या टोनरमध्येही (छटा देणारा हलका रंग). शिवाय पुडीत धातूचे क्षार असतील तर ब्लीचने केस तापून तुटतात. आधी कापलेल्या एका बटेवर करून बघायला सांगा.

पंचवटीची_माई
म्हणूनच म्हणते, मेंदी!

मास्तर_नाशिकरोड
शुद्ध असेल तर ठीक, माई. पण मेंदीतही तोच पदार्थ मिसळतात. पॅच टेस्ट होईपर्यंत तीही नको.

गंगापूररोडकर
ते सगळं खरं, पण लग्नाचं काय?

कात्री_कंगवा
रूट टचअपची पावडर. कोरड्या केसांत भांगाच्या दोन्ही बाजूंना ब्रशने थोपटा, रात्री धुऊन टाका. भांग सरळ न पाडता नागमोडी पाडा, वरून गजरा. पावडरही आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून बघा.

सिडको_भाऊ
बोअरचं पाणी असेल तर पांढरे केस पिवळे पडतात. आठवड्यातून एकदा जांभळा शाम्पू, तीनच मिनिटं. जास्त ठेवला तर केसच जांभळे.

मास्तर_नाशिकरोड
हे मात्र बरोबर, भाऊ.

गंगापूररोडकर
पाणी बोअरचंच आहे. पुडीवर ते पॅरा-फेनिलीन नाव सापडलं, चष्मा लावून. आणि नागमोडी भांग म्हणजे नेमका कसा पाडायचा?