सोलापूरहून कोकण किनारा सायकलवर, आम्ही दोघी जावा जायचं म्हणतोय, रूट बरोबर आहे का सांगा

जाऊबाई_पेडलवर

नमस्कार सगळ्यांना. मी जुळे सोलापुरात राहते. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल चालवा म्हणून सांगितलं, तेव्हापासून चालवतेय आणि आता सकाळी साडेपाचला विजापूर रोडला चक्कर मारल्याशिवाय चैनच पडत नाही. माझं बघून धाकट्या जावेने पण घेतली. आम्ही दोघींनी अक्कलकोट जाऊन येऊन म्हणजे ८० किमी पाच-सहा वेळा केलंय, एकदा पंढरपूर पण केलं, जाताना एक दिवस येताना एक दिवस.

आता जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की नऊ दिवस मिळतायत. प्लॅन असा की सोलापूर-सांगोला-मिरज-कोल्हापूर, तिथून आंबा घाटाने रत्नागिरी, आणि मग समुद्राकाठाने विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. रोजचे ११०-१२० धरलेत, कारण एकदा घाट उतरला की पुढे समुद्राकाठचा सपाटच रस्ता असणार. दोघींच्या हायब्रीड सायकली आहेत, पुढे ३ मागे ७ गियर, ३५ चे टायर, माझीला साधे रबराचे ब्रेक आणि तिच्या सायकलला डिस्क. मागे कॅरिअरवर प्रत्येकी ८ किलोची बॅग.

आंबा घाट बरा की गगनबावडा? रोजचे १२० जमतील का? दोघी बायका आहोत तर बुकिंग न करता राहायची सोय होते का? आणि परत येताना सायकली कशा आणायच्या? जावेने समुद्र फक्त एकदा बघितलाय, शाळेच्या सहलीत, बसमधून उतरून अर्धा तास. तिला तो नीट दाखवायचाय, म्हणून एवढं विचारतेय.

होटगीरोड

ताई, नक्की जा. मी दोनदा करून आलोय म्हणून हक्काने सांगतो, तुमच्या प्लॅनमध्ये एकच गोष्ट चुकलीय पण ती मोठी आहे. समुद्राकाठचा रस्ता सपाट नाही. अजिबात नाही.

आपण सोलापूरचे लोक नकाशा बघतो तर किनाऱ्याची रेघ सरळ दिसते आणि वाटतं बाजूबाजूने जायचं. पण तिथे दर दहा-पंधरा किमीला एक खाडी आडवी येते. रस्ता खाडीवरच्या पुलापर्यंत खाली उतरतो, पूल ओलांडला की लगेच चढ, चढून वर आलात की जांभ्या दगडाचा उघडा सडा, तिथे झाड नाही सावली नाही, सड्यावरून तीन-चार किमी गेलं की परत उतार आणि परत खाडी. एकेक चढ म्हणाल तर ८०-१०० मीटरचाच असतो, मोठा नाही, पण दीड किमीत १०० मीटर म्हणजे जवळजवळ ७ टक्के झाला आणि असे दिवसात सहा-सात. घाट एकदाच चढायचा असतो, मन तयार असतं. इथे दर तासाला नवीन चढ समोर येतो आणि पाय तिथेच संपतात. पहिल्या वेळी मी पण १०० धरले होते, रत्नागिरी ते विजयदुर्ग एका दिवसात म्हणून, आणि जैतापूरच्या पुलावर पोचलो तेव्हा अंधार पडलेला, लाईट बॅगेत तळाशी, पुढचे सगळे किमी सायकल हातात धरून चाललोय. किनाऱ्यावर ५० धरा. ५५ ला थांबा. बाकीचा वेळ समुद्र बघा, त्यासाठीच तर जाताय.

दुसरं म्हणजे सोलापूर ते कोल्हापूर सायकलवर करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सव्वादोनशे किमीच्या आसपास आहे आणि जानेवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, उसाच्या डबल ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, ट्रॉली शेजारून जाताना ऊस बाहेर आलेला असतो तो अंगाला लागतो. यात तुमचे दोन-तीन दिवस पण जातील. सायकली रेल्वेत टाका आणि कोल्हापूरहून सुरू करा.

आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं ठरवलंय ते बेस्ट. हिवाळ्यात दुपारनंतर तिथे समुद्रावरून वारा सुटतो तो वायव्येकडून येतो, म्हणजे मालवणकडे जाताना पाठीवर. उलटं आलात तर तोच तोंडावर.

चेन_आणि_तेल

कोल्हापूरकर. सायकल दुरुस्तीचंच काम करतो. आंबा घाट सुंदर आहे पण तो रत्नागिरीचा मेन हायवे, ट्रक-टँकरची वर्दळ भरपूर. तुमच्यासाठी गगनबावडा. कोल्हापूरहून ५५ किमी, हळूहळू चढत जाणारा रस्ता आहे, पहिला मुक्काम तिथेच करा, जानेवारीत तिथली सकाळ दाट धुक्याची असते. तिथून दोन घाट फुटतात, करूळ घाट वैभववाडीला उतरतो आणि भुईबावडा घाट खारेपाटणच्या अंगाला. कुठला चालू आहे, कुठे काम चाललंय ते आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारा, दरडीमुळे नाहीतर कामामुळे बंद ठेवतात कधी कधी.

आता ब्रेकचं नीट ऐका ताई, तुमच्या सायकलचं जास्त. रबर रिमला घासतं तेव्हा रिम तापते. सोलापुरात तुम्ही ब्रेक दाबता तो सिग्नलला, दोन सेकंद. घाटात लोक भीतीने ब्रेक सतत अर्धा दाबून धरतात, दहा किमी तसंच. रिम इतकी तापते की हात लावला तर चटका बसतो, आतली ट्यूब फुटू शकते, आणि तीही उतारावर. म्हणून दाबायचा, वेग कमी झाला की पूर्ण सोडायचा, परत दाबायचा, पुढचा मागचा दोन्ही वापरायचे, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. दर दोन-तीन किमीला थांबा, रिम गार होऊ द्या, तेवढ्यात दरीचा फोटो काढा. निघायच्या आधी ब्रेकचे रबर नवीन टाका आणि जुने फेकू नका, बॅगेत ठेवा. जावेच्या डिस्कचे पॅड पण बघून घ्या.

चढाचं म्हणाल तर पुढचे ३ आहेत ही चांगली गोष्ट, सगळ्यात छोटी चकती तुम्ही सोलापुरात कधी वापरली नसणार, बऱ्याच जणांची ती गंजलेली नाहीतर चेन त्यावर पडतच नाही. आधी चालवून बघा. रोज संध्याकाळी चेन कोरड्या फडक्याने पुसून दोन थेंब तेल, खारी हवा लोखंड खाते. आणि सायकल वाळूत नेऊ नका, फोटोसाठी सुद्धा नाही.

रापण_मालवण

ताई, जानेवारी म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात चांगला महिना, आंब्याला मोहोर असतो आणि वास रस्त्यावर येतो. वरच्या दोघांनी सांगितलं ते बरोबर, मी फक्त गावांचं सांगतो.

गगनबावडा ते विजयदुर्ग, वैभववाडी-तळेरे करून, ८५ च्या घरात जाईल, पण सुरुवात सगळी उताराची आहे त्यामुळे तुमच्या तयारीला जमेल, फक्त सकाळी सातला निघा. विजयदुर्गच्या किल्ल्याला तिन्ही बाजूंनी पाणी आहे, संध्याकाळी तटावर बसा. दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग ते देवगड तीसेक, आणि देवगडहून जुन्या लांबच्या रस्त्याने न जाता तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वरला या, अंतर खूप वाचतं आणि पुलावरून समुद्र एका बाजूला, खाडी एका बाजूला. देऊळ अगदी वाळूला लागून आहे, मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी मिठबाव, आचरा करत मालवण, ४५ च्या आसपास.

मालवणात एक पूर्ण दिवस थांबा, सायकल बाजूला ठेवा. सिंधुदुर्ग किल्ला होडीने बघा, महाराजांनी १६६४ ला पाया घातला, आत अजून गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. जावेला तिथे नक्की न्या.

एक गोष्ट बाहेरच्या सायकलवाल्यांची नेहमी चुकते. तारकर्ली बघून तसेच पुढे देवबागला जातात, आणि देवबागला रस्ता संपतो. पुढे कर्ली नदीचं मुख आहे. होडीवाल्याशी बोलून सायकली पलीकडे भोगव्याला नेता येतात, भरती-ओहोटी बघून तो सांगेल, नाहीतर मागे फिरून पुलावरून परुळे करत वेंगुर्ला. वेंगुर्ल्याहून शिरोडा, तिथली मिठागरं बघा, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला होता. मग रेडीचा गणपती आणि तिथून सावंतवाडी.

राहायचं टेन्शन घेऊ नका, घरगुती सोय प्रत्येक गावात आहे, खाली मालक राहतो वर खोल्या. पण दोघीच आहात म्हणून सांगतो, रोज दुपारी जेवायला थांबाल तेव्हाच पुढच्या गावी फोन करून खोली सांगून ठेवा आणि चारपर्यंत पोचा, जानेवारीत सव्वासहा-साडेसहाला सूर्य बुडतो आणि सड्यावर दिवे नाहीत. जेवण पण आधी सांगावं लागतं, आयत्या वेळी मिळत नाही. काय लागला तर इचारा.

जाऊबाई_पेडलवर

सगळ्यांचे मनापासून आभार. जावेला सगळं वाचून दाखवलं, तिने वहीत लिहून घेतलं. मग असं ठरलं की कोल्हापूरपर्यंत रेल्वे, गगनबावडा, विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण दोन रात्री, वेंगुर्ला, सावंतवाडी. रत्नागिरी सोडलं. थोडं वाईट वाटलं, गणपतीपुळे राहिलं, पण पुढच्या वेळी.

अजून दोन शंका. परतीचं राहिलंच, आणि सोलापुरात चढाची प्रॅक्टिस कुठे करू, इथे तर विजापूर रोडचा पूल हाच सगळ्यात मोठा चढ. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नेली तर टिकेल ना?

होटगीरोड

प्रॅक्टिसला तुळजापूर. ४५ किमी जायला, आणि गावाच्या अलीकडे घाट आहे तोच आपला. पण रिकाम्या सायकलवर जाऊ नका, कॅरिअरला ८ किलो ज्वारी बांधा आणि घाट दोनदा चढा उतरा, दोन रविवार. वजन मागे असलं की उभं राहून पेडल मारताना सायकल डुलते, ते अंगवळणी इथेच पडू दे. चेनवाल्या दादांनी सांगितलेलं ब्रेकचं पण तिथेच करून बघा.

परत येताना सावंतवाडीहून आंबोली मार्गे कोल्हापूरला एसटी. आंबोली जवळजवळ ७०० मीटरवर आहे, शेवटच्या दिवशी तो चढ घेऊ नका. सायकलींचं लगेज तिकीट काढावं लागतं आणि डिकीत जागा आहे का ते कंडक्टरवर असतं, म्हणून तासभर आधी डेपोत जा, पुढचं चाक काढून ठेवा, चाक काढलं की कंडक्टर पण तयार होतात. कोल्हापूरहून मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी मार्गे सोलापूरला थेट गाडी आहे. सायकल पार्सल ऑफिसात बुक करायची, गोणपाट गुंडाळून, नाव आणि सोलापूर असं मोठ्या अक्षरात लिहून. गाडी कोल्हापूरहूनच सुटते त्यामुळे चढवायला वेळ मिळतो, मधल्या स्टेशनवर दोन मिनिटांत चढवत नाहीत.

आणि टायर तपासा. आपल्याकडचे सराटे टायरमध्ये अडकून बसलेले असतात, दोन-दोन महिने, आणि वजन पडलं की मग आत जातात. हाताने चाचपून एकेक काढा.

रापण_मालवण

शेंगाचटणी टिकेल. कडक भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आमच्या हवेत उघडी राहिली तर दुसऱ्या दिवशी सादळते. आणि पाणी तहान लागायच्या आधी प्या. सोलापुरात घाम लगेच वाळतो, इथे वाळत नाही, अंगावरच राहतो, त्यामुळे अंग गारच होत नाही आणि मीठ मात्र जातं. दर चढानंतर मीठ-लिंबू नाहीतर कोकम सरबत घ्या, ते कुठल्याही टपरीवर मिळेल.

जाऊबाई_पेडलवर

डबा घट्ट झाकणाचा, लिहून घेतलं. छोटी चकती आत्ताच बघितली, माझी चेन खरंच त्यावर पडत नाहीये. उद्या दुकानात नेते. या रविवारी पहाटे पाचला ज्वारी बांधून तुळजापूर.