जुन्या फोटोंतलं दुःख खोटं कसं?

घंटाळीकर: काल इथेच कुणीतरी लिहिलं, ‘जुने स्टुडिओतले फोटो म्हणजे नुसतं नाटक. कोमेजलेलं फूल हातात दिलं की झालं दुःख.’ वाचून डोकं फिरलं. इंग्लिश छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनचं १८५८ चं ‘फेडिंग अवे’ बघा. क्षयाने मरणारी मुलगी, पाच निगेटिव्ह जोडून केलेला फोटो. मुलगी धडधाकट होती, मान्य. पण खिडकीशी आपल्याकडे पाठ करून उभा असलेला तो माणूस! चेहरा दिसतच नाही त्याचा, आणि तिथेच गळा दाटतो. फार क्लेशदायक विषय म्हणून तेव्हा लोक चिडले होते. नुसत्या नाटकावर कोण चिडेल?

वाशी सेक्टर १७: ते मीच लिहिलं होतं. मरणाची मांडामांड करायची आणि फोटो म्हणून दाखवायचा? त्याच काळातल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने १८६४ मध्ये नटी एलेन टेरीचा फोटो काढला. भिंतीला टेकलेली, बोटं गळ्यातल्या माळेत. ना फूल, ना पडदा.

घंटाळीकर: आणि नाव दिलं ‘सॅडनेस’! नाव झाका, मग सांगा दुःख की कंटाळा. माळेतली बोटं ही खूणच की.

कोपरीची लेक: माझ्या आजीचा फोटो आहे, आजोबा गेल्यानंतरचा. शेजारी रिकामी खुर्ची, तिच्यावर आजोबांची काळी टोपी. टोपी आजीने पदराखाली धरून स्टुडिओत नेली होती. गेल्या वर्षी फोटो मोठा करायला दिला, तर दुकानदाराने टोपीच पुसली. म्हणे, डाग वाटला! वर आजीला गोरी केली.

तलावपाळी: गोरं करण्याचं तर बोलूच नका. वर्षश्राद्धाला लावायच्या फोटोत आमच्या वडिलांच्या गालावरचे देवीचे व्रण घालवले. आई म्हणाली, ‘हे कोण?’

वाशी सेक्टर १७: विषय भरकटतोय. पूर्वीही निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचेच.

कोपरीची लेक: पेन्सिल फिरवून माणूस नव्हते पुसत! ती टोपी म्हणजे आजोबा होते. कळत नसेल तर गप्प बसा.

वाशी सेक्टर १७: अरेरावी नको. टोपी आजींनी स्वतः नेली, म्हणून तेवढी मानतो. रॉबिन्सनचं नाही मानणार. ती मुलगी मरत नव्हती.

घंटाळीकर: गडकरी रंगायतनमध्ये आपण डोळे पुसतो, तेव्हा रंगमंचावर कोण मेलेलं असतं?

कोपरीची लेक: तुमचं चालू द्या. मूळ प्रत एका कोपऱ्यात फाटली आहे. टोपीला हात न लावता नीट करून देणारं ठाण्यात कुणी आहे का?