मदत हवी आहे: बैलजोडीचा फोटो कोणत्या बाजूनं काढू?

आर्वीचा_शेतकरी: गवळाऊ जातीची बैलजोडी विकायची आहे, मिरगाच्या आधी. फोटोत डोकं हे एवढं मोठं अन् मागचं अंग बारीक येते, पाय तर आखूडच. प्रत्यक्षात जनावर उंचपुरं आहे. गिऱ्हाईक फोटो पाहूनच मागं सरते. अँगल सांगा लवकर.

कॅमेरा_यवतमाळ: किती फुटांवरून काढता? उभं राहून का बसून?

आर्वीचा_शेतकरी: गोठ्यातच, दाव्याजवळ उभं राहून. फोन साधाच आहे.

कॅमेरा_यवतमाळ: मंग बरोबर. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते, जवळ गेलं की पुढचं ते फुगते. बैल बाहेर काढा. 15-20 फूट मागं जा, 2 एक्स झूम करा अन् फोन पोटाच्या उंचीवर येईल एवढं खाली बसा. वरून काढलं तर पाय आखूडच दिसतील. बैल आडवा उभा पाहिजे, चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत.

लेन्सप्रेमी: झूम करू नका, फोटो फुटते. डीएसएलआर भाड्यानं आणा, 50 मिमी लेन्स लावा.

कॅमेरा_यवतमाळ: व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या फोटोले भाडं कशाले? 2 एक्सनं काही बिघडत नाही.

हिंगणघाट_काका: मी फोन जमिनीलेच टेकवतो. बैल हत्तीसारखा दिसते.

वर्धेकर: काका, हे पटलं नाही. गिऱ्हाईक दारात येऊन पाहणारच. फोटोत मोठा अन् समोर लहान दिसला की भाव तिथंच पडते, वरून आपला शब्द जाते. भाऊ, जोडीचा फोटो समोरून घ्या, दोघं तुमच्यापासून सारख्या अंतरावर. तिरपं उभं राहिलं तर जवळचा मोठा दिसते अन् जोड विजोड वाटते. गवळाऊचं लांबट तोंड अन् आखूड शिंगं दिसायला एक फोटो थोडा बाजूनं, तोंडाचा.

पशुपालक_पुलगाव: दाती किती, म्हणजे दातांवरून वय काय? कानात 12 आकडी ओळखीचा बिल्ला आहे का? लम्पीची लस दिली का?

वर्धेकर: भाऊ फोटोचं विचारून राहिले.

पशुपालक_पुलगाव: घेणारा हेच विचारते. एक फोटो दातांचा अन् एक खांद्याचाही टाका.

कॅमेरा_यवतमाळ: हे मात्र खरं. अन् सकाळीच काढा, ऊन तुमच्या पाठीमागून. पांढऱ्या अंगावर दुपारचं ऊन पडलं की सगळं धुऊन निघते. पडद्यावर बैलाच्या अंगावर बोट टेकवून उजेड कमी करा.

आर्वीचा_शेतकरी: उद्या सकाळी काढतो. पण डावा बैल मान वरच करत नाही, त्याचं काय?

हिंगणघाट_काका: घमेल्यात सरकी ढेप घेऊन कोणाले तरी तुमच्या मागं उभं करा.