सामूहिक भाजीबाग, काळी माती : भेंडी उगवली नाही, दुधीच्या पानांची चाळण

परसबाग_इंदूर
कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर दहा बाय चार फुटांचे सहा सपाट वाफे आहेत. माती माळव्याची काळीभोर. सगळं काम पाळीपाळीने येणारे स्वयंसेवक करतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भेंडी टोकली, रोज झारीने पाणी दिलं, तरी पाव बीसुद्धा वर आलं नाही. मातीवर पापडी धरली आहे. दुधी आणि गिलकी उगवली, पण पहिल्या दोन पानांना भोकंच भोकं. काही जण म्हणतात वाळू मिसळा, काहींना आता टोमॅटो लावायचाय. मार्चमध्ये काय करावं?

वाफसा
तुमचं बी बहुधा थंडीने आणि पाण्याने गेलं. भेंडीला उगवायला माती वीस अंशांच्या वर हवी. आपल्याकडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारी ऊन चटकतं, पण पहाटे माती गारच असते. अशा मातीत रोज पाणी पडलं की बी कुजतं. पुन्हा लावायला मार्चचा पहिला आठवडा उत्तम.

सपाट वाफे मोडा, सरी-वरंबे करा. दोन वरंब्यांत दीड फूट. आधी सरीत पाणी सोडा, मग तीन-चार दिवस थांबा. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी ओल, आला का ते असं बघा : चार बोटं खालची माती मुठीत दाबायची आणि गोळा कमरेच्या उंचीवरून टाकायचा. फुटून भुगा झाला तर लावा, नुसताच चपटा झाला तर आणखी थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की ढेकळं विटेसारखी वाळतात आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत फुटत नाहीत.

बी रात्रभर भिजवा, सकाळी सावलीत पसरून सुटं करा. वरंब्याच्या माथ्यावर नाही, कुशीत टोका, सरीतल्या पाण्याची ओल जिथवर चढली असेल तिथे. खोली दोन सेंटीमीटर, दोन रोपांत एक वीत. वरून काळी माती न टाकता चाळलेलं कंपोस्ट टाका. उगवेपर्यंत वरून पाणी नको, पापडी त्यानेच धरते. ओल कमी वाटली तर सरीतून द्या.

वाळूचा नाद सोडा. दोन-चार घमेल्यांनी काळ्या मातीला काही होत नाही. त्याऐवजी दर वाफ्याला दहा किलो मुरलेलं कंपोस्ट घाला. ते ओल्या कचऱ्याचं असेल तर आधी मूठभर ओलं करून पिशवीत बांधा. तीन दिवसांनी उघडल्यावर नाकाला झोंबलं तर ते कच्चं आहे, महिनाभर पडू द्या.

गिलकी_दोडका
भोकं पाडणारे नारिंगी-लाल भुंगे असणार, उडदाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. वेलभाज्यांच्या पहिल्या दोन पानांवरच ते तुटून पडतात. त्या दोन पानांनंतरची चार-पाच खरी पानं आली की वेल तगतो, म्हणजे सांभाळायचे ते सुरुवातीचे दोन-तीन आठवडे. सकाळी गारव्यात भुंगे सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. ऊन चढलं की हात लावायच्या आत उडतात. रोपांवर काड्या रोवून जुनी मच्छरदाणी घाला आणि कडा मातीत दाबा. फुलं आली की मच्छरदाणी काढायलाच हवी, नाहीतर मधमाशा आत येणार नाहीत आणि फळ धरणार नाही.

निंबोळी अर्क : लिटरला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालायचा. फवारणी संध्याकाळीच, उन्हात त्याचा गुण जातो. पानांवर राख बरेच जण टाकतात. चिमटीभर ठीक, पण घमेल्याने नको. काळी माती मुळातच अल्कधर्मी, राखेने आणखी होते.

पाळीचा_फळा
टोमॅटो आता नको. परदेशी व्हिडिओंमध्ये वसंतात टोमॅटो लावतात, पण आपला वसंत रंगपंचमीच्या गेरबरोबरच (रंगांच्या मिरवणुकीबरोबरच) निघून जातो. रोपं फुलावर येईपर्यंत पारा पस्तिशीपार गेलेला असतो आणि फुलं गळतात. त्या जागी गवार आणि चवळी लावा.

सामूहिक बागेतलं जास्तीचं पाणी हा पाळीचाच दोष. जो येतो तो ‘आपलं काम’ म्हणून पाणी घालून जातो, काल कुणी घातलं ते त्याला ठाऊक नसतं. फाटकावर फळा लावा आणि वाफ्याचा क्रमांक, पाण्याची तारीख एवढंच लिहा. पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरं मातीत घालायचं. ओल लागली तर झारी खाली ठेवायची.

पाण्यानंतर दोन-तीन दिवसांनी खुरप्याने वरची माती हलकी करा. भेगा बुजतात आणि ओल टिकते. भेगा वाढल्या तर मुळं तुटतात. रोपं वीतभर झाली की गव्हाचं काड दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून चार बोटं सोडून. मार्चमध्ये गहू निघतो, काड सहज मिळतं. मात्र वाळवीवर लक्ष ठेवा.

परसबाग_इंदूर
सरी-वरंबे या रविवारी करतो. भेंडीचं वाण कुठलं घ्यावं? मागच्या वर्षी शिरा पिवळ्या पडून झाडं गेली.

वाफसा
तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते. परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, दोन्ही या रोगापुढे टिकावीत म्हणूनच काढलेली वाणं आहेत. तरी एखादं झाड पिवळं दिसलं तर त्याच दिवशी उपटा. आणि तोडणीची पाळी दिवसाआड ठेवा : शेंगा निबर होऊन झाडावर राहिल्या की पुढची फुलं कमी येतात.