मोठ्या ब्रेकरवर गप्प, बारीक खड्ड्यांत टकटक... पुढच्या सस्पेन्शनचा आवाज सापडेना

सातसीटर:
मंडळी जरा मदत करा. घरची एसयूव्ही आहे, ८० हजार किमी झालेत, पुढे स्ट्रटवालं सस्पेन्शन (शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या जोडणीत). दोन महिन्यांपासून पुढून डावीकडून टकटक येतंय, डब्यात चमचा राहिलाय आणि कोणीतरी डबा हलवतंय असं. मोठ्या ब्रेकरवर काही नाही, पण उखडलेल्या रस्त्यावर २०-३० च्या स्पीडने हळू चाललं की सुरू. गॅरेजवाल्याने डावं चाक जॅकवर घेतलं, हलवून बघितलं, म्हणाला शॉकअप गेले. पुढचे दोन्ही बदलले, आवाज जसाच्या तसा! आता म्हणतो लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा हात) बदलू, नाही थांबला तर स्टिअरिंग रॅक बघू. असं एकेक करत गाडीच नवी होईल. मागे बसून आईपण रोज विचारते, काय रे वाजतंय सारखं. सुरुवात कुठून करू?

भटक्या:
आधी डिकी रिकामी कर. हसू नकोस, मी स्टेपनीचा ढिला नट आणि जॅकचा दांडा यांच्यापायी एक महिना सस्पेन्शनला शिव्या घातल्यात.

ग्रीसचे हात:
भाऊ तू जे लिहिलंस ना, मोठ्या ब्रेकरवर नाही आणि बारीक खड्ड्यांत आहे, त्यातच निम्मं उत्तर आहे. ब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा अँटी रोल बारला (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा आडवा दांडा, वळणावर गाडी कमी कलते त्याने) पीळ बसत नाही, तो नुसता सोबत वर-खाली होतो. उखडलेल्या रस्त्यावर एक चाक वर नि दुसरं खाली, तेव्हा बार पिळतो आणि त्याच्या टोकाच्या लिंक रॉडवर (बारला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी दांडी) ओढ येते, कधी या बाजूने कधी त्या बाजूने. लिंकच्या बॉल जॉइंटमध्ये फट पडली असेल तर प्रत्येक वेळी टक. शॉकअप किंवा बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आपटू न देणारा रबरी ठोकळा) गेला असता तर ब्रेकरवरच जास्त आपटलं असतं.

आणि गॅरेजवाल्याला का नाही सापडलं ते पण सांगतो. एकच चाक जॅकवर घेतलं की ते खाली लोंबतं, बार पिळतो, लिंक ताणली जाते आणि फट दबून जाते, मग हलवून बघ नाहीतर पान्याने ठोक, ती घट्टच लागणार. गाडी सपाट जमिनीवर चारी चाकांवर उभी कर, हँडब्रेक लाव, इंजिन बंद, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळव म्हणजे हात आत जाईल. लिंक मुठीत धरून जोरात हलव. चांगली लिंक जागची हलत नाही, गेलेली असेल तर बोटांना टिकटिक जाणवते. दोन्ही बाजूंच्या बघ हं, बार आडवा अख्ख्या गाडीतून जातो, आवाज इकडचा तिकडे नेतो.

स्प्रिंगपंत:
लिंकचं पटतंय पण एक विचारू का, शॉकअप बदलले तेव्हा वरचं स्ट्रट माउंट (स्ट्रट वर बॉडीला धरणारी रबरी बैठक) आणि बेअरिंग नवीन टाकलं का जुनंच परत चढवलं? बऱ्याच ठिकाणी जुनंच चढवतात. बघायला सोपं आहे, गाडी उभी असताना कोणालातरी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग आणि तू स्प्रिंगवर हात टेकव, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नको. स्प्रिंग अडकून अडकून झटक्याने सुटत असेल तर बेअरिंग गेलं. अजून एक, आवाज चालू असताना ब्रेकवर हलका पाय ठेव, बंद झाला तर सस्पेन्शन सोड, ब्रेक पॅड किंवा कॅलिपर खुळखुळतंय.

लोअर आर्म तपासल्याशिवाय बदलू देऊ नको. बुशचं (आर्म जिथे बसतो तिथली रबरी पुंगळी) रबर फाटलंय का डोळ्याने दिसतं, बॉल जॉइंटसाठी चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, आणि डावं-उजवं धरून हललं तर टायरॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघायचा.

सातसीटर:
काल बसलो. डिकी रिकामी केली, आवाज तसाच (आईची हरवलेली छत्री मात्र सापडली). ब्रेकवर पाय ठेवूनही फरक नाही. स्प्रिंग छान फिरते. डावी लिंक एकदम घट्ट, मी निराश झालो, मग उजवीला हात घातला तर चक्क टिकटिक!! रबरी बूट फाटलाय, आत ग्रीसच्या जागी लाल माती. दोन महिने मी डावीकडे कान लावून बसलोय. आता घरी बदलता येईल का?

ग्रीसचे हात:
येईल. नट गंजलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मार. नट फिरवला की आतला बोल्टपण सोबत फिरतो, म्हणून बोल्टच्या टोकाला अ‍ॅलन कीची खाच असते, ती धरून पान्याने नट सोडायचा. पुढची दोन्ही चाकं सारखी उचल, म्हणजे लिंक ताणाशिवाय निघते. आणि गाडी स्टँडवर टेकव, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नको. लिंक दोन्ही बाजूच्या बदल, एक गेली म्हणजे दुसरीनेही तेवढाच रस्ता खाल्लाय. लिंकसाठी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही. पण स्ट्रट काढून बसवले होते ना, तेव्हा केलं नसेल तर करून घे.

स्प्रिंगपंत:
पुढेमागे लोअर आर्मचे बुश करशील तेव्हा एवढं बघ, त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे. चाक लोंबतं ठेवून आवळले तर गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि कुईकुई थांबवायला रबरावर इंजिन ऑइल ओतू नको, रबर फुगतं.

सातसीटर:
झालं! डावीकडचा एक नट काही सुटेना, शेवटी कापला, बाकी तासाभरात. त्याच उखडलेल्या रस्त्यावर नेली, खिडक्या खाली करून, आईला मागे बसवून. एक आवाज नाही. अलाइनमेंट केलं नव्हतंच, उद्या करतो.

ग्रीसचे हात:
मस्त. आठवड्याभराने दोन्ही लिंकच्या नटांना एकदा पाना लावून बघ, नवीन असताना कधीकधी ढिले होतात.