एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.१ आलंय. हा मधुमेह टाइप १ की टाइप २?

प्रश्न:
वय ४२, वजन ८० किलो. उपाशीपोटी साखर ११२, एचबीए१सी ६.१. धाकट्या भावाला लहानपणापासून टाइप १ आहे, तो इन्सुलिनवर आहे. मलाही तेच होतंय का? गोड बंद केलं की भागेल का?

प्रतिसाद १:
हा अजून मधुमेह नाही, पूर्वमधुमेह आहे. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर पूर्वमधुमेह म्हणतात. १२६ किंवा ६.५ पासून पुढे मधुमेह.

भावाचा आजार वेगळा. टाइप १ मध्ये प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. तो खाण्यापिण्यामुळे होत नाही, पथ्याने टळतही नाही. टाइप २ मध्ये इन्सुलिन असतं, पण स्नायू आणि यकृत त्याला पुरेशी दाद देत नाहीत. तुमचे आकडे बहुधा त्याच वाटेवरचे आहेत. तरी भावाचं डॉक्टरांना सांगाच. कारण नसताना वजन घटलं, तहान-लघवी वाढली तर थांबू नका, लगेच दाखवा. टाइप १ मोठ्या वयातही होतो. अशा वेळी रक्तात जीएडी अँटीबॉडी (बीटा पेशींवरच्या हल्ल्याची खूण) तपासतात.

प्रतिसाद २:
नुसतं गोड सोडून भागत नाही. त्यातही बरेच जण साखर सोडतात आणि फळांचा रस सुरू करतात. रसात चोथा उरत नाही, साखर झपाट्याने चढते. फळ चावूनच खा.

अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्राम या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढ्या उद्दिष्टावर टाइप २ होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे साधारण साडेपाच किलो. आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटं भरभर चाला. शिवाय जेवणानंतर १०-१५ मिनिटं पाय मोकळे करा: काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढतो. दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायामही हवेत, हे बहुतेक जण टाळतात.

प्रतिसाद ३:
हिमोग्लोबिन पाहिलंत का? लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सी खोटं जास्त दिसू शकतं. लाल पेशी लवकर तुटत असतील तर उलट कमी दिसतं. शंका असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासणी करा. १४० ते १९९ म्हणजे पूर्वमधुमेह. आणि महिन्याभरातच पुन्हा एचबीए१सी करू नका. ते मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, बदल केल्यावर तीन महिन्यांनी करा.